काडी मोडली, भिंत कुणाची?

लग्न मोडलं की या देशात भांडी वाटली जातात, भिंत वाटली जात नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २७ उघडा. लग्नात आहेर म्हणून आलेली, दोघांच्या मालकीची चीजवस्तू कुणाला द्यायची ते कोर्ट ठरवतं. घागर, पलंग, कपाट. घर मात्र ज्याच्या नावावर त्याचं. आपण बौद्ध झालो तरी याच कायद्यात बसतो, कलम २ ने आपल्याला आत कोंबलंय. बाईला घटस्फोट आणि मालमत्तेत वाटा मिळावा म्हणून बाबासाहेब हिंदू कोड बिलासाठी झगडले, १९५१ ला मंत्रिपद लाथाडलं. पुढे तुकडे पाडून जे पास झालं त्यात घटस्फोट आला. अर्धी भिंत आली नाही.

आता या हिशोबात अपंग माणूस घाला.

कल्याण पूर्वेला आमच्या चाळीतली एक बाई. नाव सांगणार नाही, फोटो काढायला जाल. भरल्या लोकलमधून पडली, डावा पाय गुडघ्याखाली गेला. रेल्वे दावा न्यायाधिकरणातून भरपाई मिळाली. (२०१७ पासून ही भरपाई जास्तीत जास्त ८ लाख. कुठला अवयव कुठे तुटला की किती, याचा तक्ता असतो, खाटकाच्या दुकानात असावा तसा.) तो पैसा गेला कुठं? पत्रे निघाले, स्लॅब पडला, पोटमाळा झाला, मोरीला लादी लागली. घर सासऱ्याच्या नावावर. मग नवऱ्याने एक दिवस स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून आणली. नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, ‘राजीखुशीने विभक्त’. हिनं सही केली. कुबडी आणि दोन पिशव्या घेऊन भावाच्या दारात गेली. पायाची किंमत भिंतीत गाडलेली आणि भिंत त्यांची.

मित्रांनो, तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हेच. जातीच्या रूढीचा काडीमोड कलम २९ चालवून घेतं, पण रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. १९५६ ला नागपुरात सगळ्या रूढी टाकून आलो म्हणणाऱ्या आमच्या बाप्यांनी नेमकी हीच एक बरी गाठोड्यात बांधून आणली! ती बाई आजही त्याची बायको आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कलम १७ आहे : सामाईक घरात बाईला राहायचा हक्क, मालकी असो नसो. सुप्रीम कोर्टाने २०२० साली सतीश चंदर आहुजा खटल्यात सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामाईक घर ठरू शकतं. हे तिला कुणी सांगितलं? वकिलाने फी सांगितली. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, दलिताला, अपंगाला वकील फुकट. ही तिन्ही आहे. तीनदा फुकट!

तरी राहायचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. उद्या खरा घटस्फोट झाला की पोटगीवर बोळवण. २०२० चाच रजनेश विरुद्ध नेहा निकाल म्हणतो, गंभीर अपंगत्वाचा सततचा खर्च पोटगी ठरवताना धरा. धरा की! तळमजल्याचीच खोली लागते, तिचं डिपॉझिट वेगळं. पूल चढता येत नाही म्हणून रिक्षा. नकली पाय झिजतो, तो बदला. नवरा कोर्टात सांगणार, साहेब मी नाक्यावरचा बिगारी. आणि तेही खोटं नसतं.

संजय गांधी निराधारचे अपंगाला २०२५ पासून महिना २५०० रुपये. त्यात कल्याणला मोरीसकट खोली दाखवा. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. कुटुंब कुठलं? रेशनकार्डावर ती अजून नवऱ्याची, झोपते भावाच्या ओट्यावर.

पाय बाप्याचा गेला तर? गोदीत स्लिंग तुटून कंबर मोडलेले गडी मी पाहिलेत. बायको कमावती असेल तर कलम २४, २५ खाली नवराही पोटगी मागू शकतो. पण घराबाहेर काढलेल्या पुरुषाला २००५ च्या कायद्यात जागा नाही, आणि आमचा गडी लाजेपायी मागतही नाही. स्टेशनच्या जिन्याखाली बसतो.

सरकारला अपंगाच्या लग्नाचं भारी कौतुक. २०१४ साली राज्याने योजना काढली : धडधाकटाने अपंगाशी लग्न केलं की ५० हजार. त्यात संसाराच्या वस्तू ४,५०० च्या आणि स्वागत समारंभाला ५०० रुपये! हार घालायला योजना आहे. हार सुकल्यावर बाई कुठं जाईल याची नाही. वर २०१५ ला दिल्लीतून नवा शब्द आला, दिव्यांग. अंग दिव्य झालं, आता छप्पर कशाला?

पत्रीपुलाजवळ कचोऱ्याला या. हनुमाननगर, कुष्ठरुग्णांची वसाहत. तिथं काम केलेल्या डोंबिवलीच्या गजानन मान्यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, त्या माणसाला माझा जयभीम. पण कायद्याने या लोकांशी काय केलं ते ऐका. १९५५ च्या कायद्यात लिहिलं होतं : जोडीदाराला तीन वर्षं असाध्य महारोग असेल तर घटस्फोट. १९७६ ला सुधारणा केली. महारोग्यासाठी? छे, तीन वर्षांची अटच काढली, हाकलणं सोपं केलं. १९८३ पासून बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात आला, गोळ्या खाऊन लोक बरे होऊ लागले. कायदा ‘असाध्य’च म्हणत राहिला. हे कलम निघालं २०१९ ला. छत्तीस वर्षं रोग बरा होत होता आणि लग्न मोडायला तोच पुरत होता. घरातून निघालेल्या माणसांनी अशा वसाहतीत झोपड्या टाकल्या, दुसरे संसार मांडले. तिथं लग्न मोडलं तर वाटायचं काय? झडलेली बोटं?

वाटणी होत नाही असं मात्र कुणी सांगू नका. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरा, सकाळी गोव्यात उतरा. तिथं १८६७ ची पोर्तुगीज संहिता. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. पोर्तुगीज १९६१ ला गेले, अर्धा वाटा राहिला. फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणून छाती बडवणाऱ्यांनो, तुम्ही काय ठेवलंत?

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ३७ म्हणतं, घरांच्या योजनांत ५ टक्के अपंगांना, त्यात बाईला प्राधान्य. मुंबईच्या झोपु नियमात घर नवरा-बायको दोघांच्या नावानं असतं. कल्याण-डोंबिवलीत बीएसयूपीच्या इमारती उठल्या, घरं वर्षानुवर्षं कुलपात पडून राहिली, आणि एका पायाची बाई ओट्यावर. ठाणे असो की कल्याण, पालिकेला आमचं सांगणं साधं आहे. वाटप होणाऱ्या प्रत्येक घराच्या कागदावर अपंग जोडीदाराचं नाव आधी. काडी मोडली तर घरात तो राहील, दुसरा बाहेर जाईल. भरपाईचा पैसा ज्या भिंतीत गेला त्या भिंतीत तेवढा हिस्सा, मग ती सासऱ्याची असो नाहीतर देवाची.

आमच्या पुढाऱ्यांना जयंतीच्या बॅनरवरून सवड नाही, त्यांची वाट बघू नका. ज्यांच्या घरात असला नोटरीचा सोडचिठ्ठीचा कागद आहे त्यांनी झेरॉक्स आणून द्या, रेशनकार्डाची आणि अपंगाच्या दाखल्याचीही. माझी पाळी सुटून डॉकयार्ड रोडवरून कल्याणला पोचायला नऊ वाजतात. पत्रीपुलाच्या अलीकडं चहाच्या टपरीवर असतो. रविवारी दिवसभर.