पटावरची नावं

२०११ च्या भाऊबीजेला पुतणीने भावाला ओवाळलं आणि ओवाळणीसाठी हात पुढे केला. तिच्या नखावर शाईचा फिकट डाग होता, मतदान करून आल्यासारखा. तीन आठवड्यांपूर्वी, ३ ते ५ ऑक्टोबरला, राज्यभर पटपडताळणी झाली होती. एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई! हजेरीपत्रकावरची वीस लाखांच्या आसपास मुलं तेव्हा बाकावर सापडली नाहीत. पट वाढला की तुकडी, तुकडीमागे शिक्षक, शिक्षकामागे पगाराचं अनुदान. नावं वाढणारच.

यंदाच्या अंकातल्या शाळाविषयक विभागाची जुळवाजुळव करताना अमेरिकेतल्या चार्टर शाळांबद्दल वाचत होतो, आणि ती शाई आठवली.

चार्टर म्हणजे सनद. मिनेसोटाने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, बऱ्याच नियमांतून सूट. बदल्यात निकाल दाखवा, नाहीतर सनद गेली. कल्पना वाईट नाही, चांगल्या चाललेल्या चार्टर शाळा पुष्कळ आहेत. घोळ आहे तो मोजणाऱ्यापाशी. कॅलिफोर्नियात सनद देणाऱ्या शालेय जिल्ह्याला देखरेखीपोटी शाळेच्या उत्पन्नातला एखादा टक्का घेता येतो. म्हणजे शाळेचा पट फुगला की राखणदाराचीही मिळकत वाढते. २०१९ मध्ये सॅन डिएगोत ‘ए-थ्री’ या ऑनलाइन शाळांच्या साखळीवर खटला भरला गेला. खेळांच्या क्लबांतली पोरं परस्पर पटावर चढवल्याचा आरोप होता. २०२१ मध्ये दोघा प्रमुखांनी गुन्हा कबूल केला.

पण मला जास्त मासलेवाईक वाटली ती ओहायोची ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’. घरबसल्या संगणकावर भरणारी शाळा. २०१५-१६ साठी तिने पंधरा हजारांवर मुलांचे पैसे घेतले. राज्याने मुलं किती वेळ खरोखर शिकत होती याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा जेमतेम सहा हजारांच्या वर हिशोब लागला. शाळेचा बचाव ऐकण्यासारखा आहे: वर्षाला ९२० तास शिकण्याची संधी देणं एवढंच आमचं काम, मूल शिकायला बसलं की नाही हे बघायला कायदा सांगत नाही. आपल्याकडच्या एखाद्या संस्थाचालकालाही हे सुचलं नसतं. मधल्या काळात संस्थापकाच्याच खाजगी कंपन्यांना शाळेकडून बिलं चुकती होत होती. तीही मुलांच्या नावावर आलेल्या पैशांतूनच.

ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या बाजूने कौल दिला. तोवर शाळाच उरली नव्हती. वसुलीच्या ओझ्याखाली ती जानेवारीतच, शैक्षणिक वर्ष ऐन मध्यावर असताना बंद पडली होती. जी मुलं खरोखर संगणकासमोर बसत होती, ती भर थंडीत नवी शाळा शोधत फिरली. जी नुसतीच पटावर होती, त्यांना पत्ताही लागला नसेल.