तपासणाऱ्यांना किती मार्क?

गडचिंचले आमच्या आटगावपासून तसं लांब, पण 2014 पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, ऐन लॉकडाऊनमध्ये, मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या ड्रायव्हरला जमावाने तिथे ठार मारलं. चोर फिरताहेत अशी अफवा होती. एका अफवेने तिघे गेले आणि लगेच दुसरी सुरू झाली. व्हिडिओत कुणी 'शोएब, मार' असं ओरडतोय म्हणे!

बूम, ऑल्ट न्यूज वगैरे मंडळींनी तो आवाज नीट ऐकून सांगितलं, शब्द 'बस, ओए बस' असे आहेत. पुढे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या 101 जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुस्लिम नव्हता.

आता आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रश्न असा, की या तपासणाऱ्यांवर तरी विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर मी मार्क देत नसे, रीत दाखव म्हणत असे. ही मंडळी रीत दाखवतात: मूळ व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणाला विचारलं. आपण पुन्हा करून पाहू शकतो. इथे तर नुसते कान पुरेत.

पैशाचंही बघावं. बूमला फेसबुकच्या कंपनीकडून या कामाचे पैसे मिळतात. तेव्हा फेसबुकबद्दल ते काही म्हणाले तर मी दोनदा वाचेन. ऑल्ट न्यूज वाचकांच्या देणग्यांवर चालतं. ते एकाच बाजूच्या थापा जास्त शोधतात, अशी तक्रार असते. असेलही! पण म्हणून त्यांनी तपासलेली थाप खरी होत नाही ना?

सरकारने मात्र स्वतःविषयीच्या बातम्या स्वतःच खोट्या ठरवाव्यात, हे मला पटत नाही. केंद्राने 2023 मध्ये तसा नियम केला होता. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. बरं झालं. आपला पेपर आपणच तपासायचा म्हणजे काय!

माझी खरी काळजी निराळी आहे. गडचिंचल्याची पहिली अफवा पाड्यापाड्यांतून फिरली. रात्री रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली, तर संकेतस्थळ उघडून कोण वाचत बसणार? तिथे शब्द चालतो तो पोलीस पाटलाचा, गुरुजींचा, आशाताईंचा. तुमच्या गावात अशा वेळी लोक कुणाला विचारतात? जरूर कळवा.