सरकलेले भिंग आणि हरवलेला कागद

मध्यंतरी जवळच्याच एका गावचे निवृत्त गुरुजी सुनेला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. वय ७४. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अकरा वर्षांपूर्वी एका शिबिरात झालेले, आणि इतकी वर्षे त्या डोळ्याने ते रोज पेपर वाचत होते. "डॉक्टर, चार दिवसांपासून एकाचे दोन दिसतात. डावा डोळा झाकला तरी दोनच दिसतात. खाली वाकलो की डोळ्यात काहीतरी हलल्यासारखं वाटतं." सूनबाईंचे म्हणणे होते की चष्म्याचा नंबर वाढला असेल, आधी चष्मा बदलून पाहू.

गुरुजींनी डावा डोळा झाकून पाहिले होते, हे फार महत्त्वाचे. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसण्याची कारणे वेगळी असतात आणि त्यांतली काही मेंदूशी, डोळ्याच्या स्नायूंशी निगडित असतात. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो. बाहुली मोठी होण्याचे औषध घालून तपासले तेव्हा कारण समोर दिसले. ऑपरेशनच्या वेळी बसवलेले भिंग खाली घसरले होते आणि त्याची वरची कड बरोबर बाहुलीच्या मधोमध आली होती. म्हणजे गुरुजी अर्धे भिंगातून पाहत होते आणि अर्धे भिंगाशिवाय. क्षितिजाखाली जाणाऱ्या सूर्यासारखे दिसते म्हणून डोळ्याचे डॉक्टर या अवस्थेला 'सूर्यास्त' म्हणतात. नाव सुंदर आहे, पेशंटला मात्र त्याचे कौतुक नसते.

वाचकहो, हा प्रकार विरळा आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या सकाळी ऑपरेशन झालेले सगळे आजी-आजोबा घाबरून दवाखान्याच्या पायरीवर बसतील. ऑपरेशननंतर दहा वर्षांत हजारांत एखाद-दुसऱ्याचे भिंग असे जागा सोडते. वर्षे वाढतात तसा धोका थोडा वाढतो. पण आता मोतीबिंदूची ऑपरेशने लाखांनी होतात आणि माणसेही ऑपरेशननंतर वीस-वीस वर्षे जगतात. तेव्हा हजारांत एक म्हटले तरी अशी माणसे प्रत्येक तालुक्यात निघणार.

भिंग सरकते म्हणजे काय, हे समजायचे तर ते बसते कुठे हे माहीत हवे. आपले जन्मजात भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असते आणि ती पिशवी चहूबाजूंनी केसाहून बारीक तंतूंनी ताणून धरलेली असते. बाजेला चारी बाजूंनी सुंभ ताणलेले असते तसे समजा. ऑपरेशनमध्ये पिशवीचे तोंड उघडून आतला गढूळ ऐवज काढतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. या भिंगाचा मधला भाग साधारण ६ मिलिमीटरचा. दोन बाजूंना मिशांसारखे दोन वळणदार पाय, ते धरून लांबी १२-१३ मिलिमीटर. हे पाय पिशवीच्या आतल्या कडांना टेकतात. भिंगाला टाका नसतो, खिळा नसतो. सगळा भार त्या पिशवीवर आणि तिच्या तंतूंवर.

म्हणून बिघाडही दोनच ठिकाणी होतो. एक तर ऑपरेशन चालू असताना पिशवी फाटते आणि भिंगाला नीट आधार मिळत नाही. असे भिंग काही दिवसांत वा काही महिन्यांत सरकू शकते. किंवा ऑपरेशन उत्तम होते, पण तंतू हळूहळू कमजोर होऊन तुटतात आणि दहा-बारा वर्षांनी भिंग पिशवीसकट खाली येते. गुरुजींचे तसेच झाले होते. त्यांच्या बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा पदार्थ होता. उतारवयात काही लोकांच्या डोळ्यांत तो साठतो आणि तंतू पोखरतो. त्याने काचबिंदूही होऊ शकतो, तेव्हा अशांनी डोळ्याचा दाब नियमित मोजून घ्यावा. फार मोठ्या उणे नंबरचा डोळा, पडद्याचे आधी झालेले ऑपरेशन, डोळ्याला लागलेला जोराचा मार, ही उरलेली मुख्य कारणे. डोळा मार लागलेला असेल, मग तो बैलाच्या शिंगाचा असो, लाकडाच्या ढलपीचा असो की क्रिकेटच्या चेंडूचा, ऑपरेशनपूर्वी डॉक्टरला जरूर सांगा. चाळीस वर्षांपूर्वीचा मारही सांगा.

आणखी एक कारण आपणच ओढवून घेतो. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू" हा सल्ला आजही चावडीवर मिळतो. जुन्या पद्धतीत त्याला काही अर्थ होता, आता नाही. अति पिकलेल्या मोतीबिंदूत तंतू सैल पडलेले असतात आणि ऑपरेशनही अवघड जाते.

शिंकल्याने, खोकल्याने, देवाला वाकून नमस्कार केल्याने नीट बसलेले भिंग पडत नाही. पहिले काही आठवडे जखम भरेपर्यंत जपायचे, ते जखमेसाठी. डोळे चोळण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

गंमत अशी की भिंग जागेवरून ढकलणे हाच एके काळी मोतीबिंदूवरचा इलाज होता. सुश्रुतसंहितेत 'लिंगनाशा'वर शलाकेने करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे, आणि पुढे शतकानुशतके गावोगाव फिरणारे लोक सुईने मोतीबिंदू मागे ढकलून देत. माणसाला उजेड दिसे, पुष्कळदा पुढे डोळा सुजून जाई. कृत्रिम भिंग आले ते १९४९ साली, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या हातून. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या प्लास्टिक काचेचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या पहिल्या भिंगांतली बरीच पुढे सरकली. म्हणजे हा विकार कृत्रिम भिंगाइतकाच जुना आहे. आपल्याकडे गरिबाच्या डोळ्यात भिंग पोचायला १९९० चे दशक उजाडावे लागले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या प्रेरणेने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली आणि भिंग स्वस्त झाले. त्याआधीचे, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या नाकावर पाहिले आहेत.

आता गुरुजींकडे परत येतो. मी त्यांना ऑपरेशनचे कागद मागितले. ते म्हणाले, "एक चिठ्ठी दिली होती. चाळीस दिवसांनी चष्मा घ्यायला गेलो तेव्हा ती त्यांनीच ठेवून घेतली." कोणते भिंग, किती नंबरचे, ऑपरेशनमध्ये काही अडचण आली होती का, कशाचा पत्ता नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे शाळेचे हजेरीपट जपले, त्याच्या स्वतःच्या डोळ्यातल्या वस्तूची नोंद त्याच्याकडे नाही.

यावर माझे मत स्पष्ट आहे आणि ते माझ्याच व्यवसायबंधूंना आवडणार नाही. भिंगाच्या प्रत्येक डबीत कंपनी, प्रकार, नंबर आणि अनुक्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या येतात. त्यातली एक पेशंटच्या कार्डावर लागलीच पाहिजे. तिला पैसे पडत नाहीत. भिंगाचा नंबर यंत्रावर पुन्हा मोजता येतो हे खरे, पण घसरलेले भिंग कोणत्या बनावटीचे, त्याचे पाय कसे, ते तिथेच पुन्हा बांधता येईल की काढून दुसरे घालावे लागेल, याचा विचार दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी व्हायला हवा. डोळा उघडल्यावर नव्हे.

आणि दुसरी गोष्ट कार्डापेक्षा मोठी. पिशवी फाटली असेल तर ते पेशंटला सांगितले पाहिजे. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या हातून एका बाईंची पिशवी ऑपरेशनमध्ये फाटली. उरलेल्या कडेवर भिंग टेकवले, ते बसले. बाहेर येऊन त्यांच्या मुलाला मी म्हणालो, "सगळं व्यवस्थित झालं." केसपेपरवर नोंद केली, त्यांना दिलेल्या कागदावर केली नाही. चार वर्षांनी त्या दुसऱ्या शहरात मुलाकडे असताना भिंग मागे पडले. तिथल्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं. चष्म्याच्या दुकानात महिनाभर गेला, मग निदान झाले. पिशवी फाटणे हा गुन्हा नव्हता, चांगल्यातल्या चांगल्या हातूनही ती कधी फाटते. पण "नजर अचानक बदलली तर लगेच दाखवा" हे एक वाक्य मी त्यांना दिले असते तर तो महिना वाचला असता. भीती एकच होती, नाव खराब होईल. छोट्या गावात ही भीती खोटी नसते. म्हणून पेशंटच्या नातेवाइकांनाही विनंती आहे, की जो डॉक्टर स्वतःहून अडचण सांगतो त्याच्या दारात आरडाओरडा करू नका. नाहीतर पुढच्या पेशंटला तो काहीच सांगणार नाही.

शिबिरे घेणाऱ्या मंडळींनाही एक प्रश्न आहे. ऑपरेशनचा आकडा फलकावर लागतो, फोटो छापून येतात, चष्मे वाटले की काम संपते. अकरा वर्षांनी ज्याचे भिंग घसरले त्याने जायचे कुठे? हे ऑपरेशन बहुधा पडद्याच्या तज्ज्ञाकडे करावे लागते, ते मोठ्या शहरात होते आणि पहिल्यापेक्षा कितीतरी महाग असते. शिबिराच्या कार्डावर निदान एवढे छापावे: भिंगाची चिकटपट्टी, अडचणीची नोंद आणि पुढे त्रास झाल्यास जायचे ठिकाण. आणि ते कार्ड परत घेऊ नये.

लोक मात्र 'लेन्स सरकली' आणि 'पडदा सरकला' यात गल्लत करतात, आणि ही गल्लत महागात पडते. डोळ्यापुढे विजेसारखी चमक, एकदम वाढलेले काळे ठिपके, एका बाजूने सावली चढत येणे ही पडदा सुटल्याची लक्षणे आहेत. त्यात दिवस नव्हे, तास मोजायचे. भिंग घसरल्याने पडद्यालाही इजा होऊ शकते, म्हणून अशा डोळ्याचा पडदा तपासावाच लागतो. भिंग पुढे येऊन डोळा लाल झाला, ठणकू लागला तरी त्याच दिवशी दाखवावे. उलट महिनोन्‌महिने हळूहळू धूसर होत गेले असेल, तर बहुधा भिंग जागेवरच असते आणि मागच्या पिशवीवर जाळी आलेली असते. ती लेसरने काही मिनिटांत साफ होते. घरात उरलेले थेंब मात्र कशातही घालू नका.

भिंग घसरले म्हणजे डोळा गेला असे नाही. थोडेसेच सरकले असेल आणि नजरेला त्रास नसेल तर नुसते लक्ष ठेवतात. नाहीतर तेच भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्याने बांधतात, किंवा ते काढून दुसरे बसवतात. चेन्नईच्या डॉ. अमर अग्रवाल यांनी २००७ मध्ये भिंगाचे पाय पांढऱ्या भिंतीत खोचून विशिष्ट गोंदाने झाकण्याची पद्धत सुरू केली, ती आज जगभर वापरतात. बुबुळाच्या पडद्याला चिमटा घेऊन बसणारे भिंगही असते.

गुरुजींना मी शहरातल्या पडद्याच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झाले, भिंग काढून नवे बसवले. काल तपासणीला आले. नजर अजून पुरती सुधारलेली नाही, पण दोन दिसणे थांबले आहे. खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कार्ड काढले, त्यावर चिकटपट्टी होती. त्याच्या दोन झेरॉक्स सूनबाईंच्या पर्समध्ये होत्या. डाव्या डोळ्यातही तोच कोंडा आहे आणि मोतीबिंदू वाढतो आहे. तो पुढच्या महिन्यात, पिकायची वाट न बघता काढायचा, असे गुरुजींनीच मला सांगितले.