शिष्यवृत्तीचा तिसरा रकाना

बारावीचा निकाल लागला की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एकच चर्चा : मेडिकल की इंजिनिअरिंग? मेडिकलला नंबर न लागलेली मुले बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतात आणि मग 'पुढे काय?' म्हणून आई-वडील काळजीत. त्यांच्यासाठी एक वाट आहे : आरोग्य आणि जीवविज्ञानाच्या धोरणाचा अभ्यास. अमेरिकेत यात पदव्युत्तर पदवी घेता येते. आपल्याकडे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यांच्या एम.पी.एच.मध्ये आरोग्यधोरण शिकवतात.

हा विषय परका नाही. औषधचाचण्यांचे प्रकरण आपल्याच गावात गाजले. आपल्यावर नवे औषध तपासले जात आहे हेच गरीब रुग्णांना ठाऊक नव्हते, अशा तक्रारी होत्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम झाले, रुग्णाची संमती कॅमेऱ्यासमोर घेण्याचा आदेश निघाला आणि २०१९ मध्ये चाचण्यांची नवी नियमावली आली. अशा कामाला औषधशास्त्र समजणारा आणि तेच कायद्याच्या भाषेत मांडू शकणारा माणूस लागतो. नुसता डॉक्टर किंवा नुसता वकील पुरत नाही.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच मदत हवी. मंडळाच्या शिष्यवृत्ती अर्जात आज दोनच रकाने आहेत. येत्या वार्षिक सभेत तिसरा घालण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. सभासदांनी उपस्थित राहावे.