क्लच गेला, आता शिकायचं काय?

आपल्याकडे ‘गाडी येते का?’ असं कुणी विचारलं, की त्याचा खरा अर्थ ‘क्लच जमतो का?’ असा असतो. स्टिअरिंग काय, कुणीही फिरवतं. पण सिग्नल सुटल्यावर, मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नसताना, पुलाच्या चढावर गाडी बंद न पाडता उचलली, की मग घरातले मान डोलावतात, ‘हं, आता आली हिला गाडी.’ आपली ड्रायव्हिंग स्कूल्स या एका हाफ क्लचवर उभी आहेत.

आणि आता रस्त्यावर हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसू लागल्यात, ज्यांत क्लचचं पेडलच नाही. बॅटरीवरही धावू शकणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांतही ते नाही. यावरून कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘त्यात काय चालवायचं? जत्रेतली गाडी ती!’ दुसरी म्हणते, ‘एकदम लोणी रे, पुन्हा पेट्रोलला हात लावणार नाही.’ माझ्या मते दोघंही अर्धंच बोलतायत. क्लच गेला ते बरंच झालं. पण त्याच्यासोबत गाडी चालवण्यातल्या आणखी चार गोष्टी बदलल्या, आणि त्या आपल्याला कुणीच शिकवत नाहीये. भांडायचंच असेल तर यावर भांडू.

गेल्या काही महिन्यांत मला तिन्ही प्रकारच्या गाड्या चालवायला मिळाल्या. घरची जुनी पेट्रोल हॅचबॅक, मावशीची इलेक्ट्रिक आणि एका मित्राच्या बाबांची हायब्रिड. एकीतून उतरून दुसरीत बसलं की फरक आधी कानाला कळतो, मग पायाला.

पेट्रोल गाडी सतत बोलत असते. इंजिन गुरगुरलं की गिअर वर टाका, धडधडलं की खाली आणा. वेग किती झाला हे आपण काट्यावर कमी आणि आवाजावर जास्त ओळखतो. तिची एक मर्यादाही अंगवळणी पडलेली असते. इंजिनाला ताकद यायला आधी फेऱ्या वाढाव्या लागतात. म्हणून ओव्हरटेक मारायचा तर आधी गिअर खाली, मग रेस, मग गाडी उचलते. या मधल्या क्षणाला आपण वैतागतो. पण तो क्षण आपल्याला ‘जाऊ की नको’ असा विचार करायला वेळही देतो.

इलेक्ट्रिक मोटरला हे थांबणं माहीत नाही. तिचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, अगदी शून्यापासून हजर असतो. उदाहरण घ्या. २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा टॉर्क २४५ न्यूटन मीटर होता. त्याच नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनाचा १७०, आणि तोही इंजिनाच्या फेऱ्या पावणेदोन हजारांच्या आसपास गेल्यावर. दिसायला तीच गाडी, पण पाय तेवढाच दाबला तर एक सावकाश निघते आणि दुसरी पाठ सीटला चिकटवते. पहिल्यांदा हे अनुभवलं की हसू फुटतं, खोटं कशाला बोलू? पण गल्लीतून बाहेर पडताना, समोरून शाळेची पोरं सायकलवर येत असताना, हाच पिकअप हातात असलेला नवशिका ड्रायव्हर डोळ्यांपुढे आणा. तिथे पाय किती हलका ठेवायचा, हे नव्यानं शिकावं लागतं.

दुसरा बदल ब्रेकचा. पूर्वी सायकलला डायनॅमो असायचा, आठवतो? तुम्हाला नसेल तर बाबांना विचारा. दिवा लावायला डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं, कारण वीज आपल्याच जोरातून तयार व्हायची. इलेक्ट्रिक गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की हेच होतं. मोटर उलटी राबते, चाकांच्या गतीतून वीज करून बॅटरीत टाकते आणि गाडी मंदावते. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात, बोलताना नुसतं ‘रिजन’. बऱ्याच गाड्यांत ते कमी-जास्त करता येतं. सगळ्यात वर ठेवलं तर शहरात एकाच पेडलवर निम्मं काम होतं. मात्र पाय झटकन उचलला की गाडी गचका खाते, आणि मागे बसलेल्या आजीला पाच किलोमीटरच्या आत गाडी लागते. म्हणजे पाय ‘काढायचा’ नाही, ‘सैल सोडायचा’. समोरचा सिग्नल लाल होणार हे लांबूनच ओळखायचं. इथे कसब पायापेक्षा नजरेचं आहे.

घाटात तर सगळी गणितंच फिरतात. ‘घाट लागला, एसी बंद करा’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरातल्या सहलीत एकदा तरी म्हटलं गेलंय. छोटं पेट्रोल इंजिन एसी ओढता ओढता चढावर दम टाकतं. इलेक्ट्रिक गाडीत एसीला स्वतःची वेगळी मोटर असते. त्यामुळे चढण्याचा जोर कमी होत नाही, फक्त बॅटरी थोडी लवकर उतरते. उतारावर जुने ड्रायव्हर सांगतात, ‘ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर’, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. इलेक्ट्रिकमध्ये ते धरून ठेवण्याचं काम रिजन करतं, वर चार्जिंगही परत देतं. ऐकायला झकास! पण पाचगणीच्या हॉटेलवर रात्रभर गाडी लावून बॅटरी शंभर टक्के भरली आणि सकाळी पसरणी घाट उतरायला लागलात, तर? भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागाच नसते. त्यामुळे बहुतेक गाड्यांत रिजन तेव्हा अगदी कमी होतं. काल पाय उचलताच मंदावणारी गाडी आज वळणावर तशीच पळत राहते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. वर राहणार असाल तर चार्जिंग थोडं कमीवरच थांबवा, ही दोन ओळींची सूचना. ती देणारा मास्तर मला तरी अजून भेटलेला नाही.

हायब्रिडची तऱ्हा या दोघींच्या मधली. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात; हा पाहुणा मात्र दोन्हीकडे जेवतो. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ सालीच आली. आपल्याकडे होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या २०२२ पासून दिसू लागल्या. पार्किंगमधून गाडी मांजरीसारखी बिनआवाज निघते, आणि मग मधेच कधीतरी इंजिन जागं होतं. पाय हलका ठेवलात तर ते जागं झाल्याचं कळतही नाही. चढावर जोरात दाबलंत तर आवाज एकदम चढतो, वेग मात्र आपल्या चालीनं मागून येतो. पेट्रोल गाडीवर वाढलेल्या कानाला हे विचित्र वाटतं, ‘क्लच सरकतोय की काय’ अशी शंका येते. यात बिघाड काही नसतो, तिची रचनाच तशी आहे. तिची बॅटरी छोटी असल्यामुळे लांब घाट उतरताना ती पटकन भरते, मग पुन्हा इंजिनाचीच मदत घ्यावी लागते.

अ‍ॅव्हरेजची सवयही उलटी करावी लागते. पेट्रोल गाडी हायवेला जास्त देते आणि ट्रॅफिकमध्ये खाते. इलेक्ट्रिक गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असताना मोटर फिरवत बसत नाही, तिला खरा फटका बसतो तो वेगाचा. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. वेगाची किंमत समोरच्या स्क्रीनवर उतरत्या किलोमीटरमध्ये दिसायला लागली, की भलेभले डावी लेन धरतात.

आता धोक्याबद्दल. आपला डावा पाय वर्षानुवर्षं क्लच दाबायला शिकलेला असतो. मॅन्युअल गाडीवरून थेट इलेक्ट्रिकमध्ये बसलेला माणूस गडबडीत तोच पाय खाली आपटतो, आणि तिथे असतो ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबते, मागचा बाइकवाला डिकीवर. दुसरं, पेट्रोल गाडीत गिअर पडलेला असताना क्लच चुकला तर ती बंद पडते, म्हणजे चुकीला ती स्वतःच आवर घालते. इलेक्ट्रिक गाडी ‘चालू’ असताना एवढी गप्प असते की ती चालू आहे हेच विसरायला होतं. ड्राइव्हवर असताना नको तो पाय नको तिथे पडला तर ती बंद पडत नाही, निघते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही गंमत नाही.

आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांचं काय? कमी वेगात इलेक्ट्रिक गाडीचा आवाज जवळजवळ नसतोच. आपण रस्ता ओलांडताना डोळ्यांइतकेच कान वापरतो. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तर कानांचाच आधार. म्हणूनच युरोपीय संघानं जुलै २०१९ पासून नव्या मॉडेल्सना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड कार्सना कमी वेगात कृत्रिम आवाज बंधनकारक केला. ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये तो वाजलाच पाहिजे. त्यापुढे टायरचाच आवाज ऐकू येतो. गाडी आवाज करत असो वा नसो, समोरच्याला आपण ऐकू येत नसणार असं धरून चालवणं, ही सवय मात्र ड्रायव्हरनंच लावून घ्यायची आहे.

हे सगळं वाचून ‘मग नकोच ती इलेक्ट्रिक’ असं म्हणणार असाल तर थांबा. माझ्या आईकडे लायसन्स आहे, पण ती गाडी चालवत नाही. चढावर गाडी मागे गेली तर, सगळे बघतील तर, या भीतीनं तिनं चावी कधीच हातात घेतली नाही. मावशीची इलेक्ट्रिक मात्र तिनं पंधरा मिनिटं मैदानावर फिरवली आणि सरळ भाजी घेऊन आली. आमच्या घरात यावर पहिली प्रतिक्रिया काय आली माहितीये? ‘ती काय, कुणालाही येईल.’

‘कुणालाही येईल’ ही तक्रार कशी होऊ शकते? पण ती जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत पेट्रोल गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागायचं. हात मोडायची भीती असायची. इलेक्ट्रिक गाडीला ती कटकट नव्हती, म्हणून ती ‘बायकांची गाडी’ ठरली. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची गाडी वापरायच्या. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकनं बटणावर सुरू होणारं इंजिन आणलं, आणि तीच सोय पुरुषांना चालू लागली. त्यावर कुणी हसलं नाही! आपल्याकडे बिनगिअरच्या स्कूटरचं तेच झालं. कायनेटिक होंडा, स्कूटी ‘मुलींच्या’ होत्या. आज तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा, अ‍ॅक्टिव्हा कोण चालवत नाही?

त्यामुळे गाडी सोपी झाली याला नाक मुरडणं बंद करू. गिअर टाकण्यातली मजा खरी आहे, ती कुणी हिरावूनही घेत नाहीये. पण क्लच ही लायकीची परीक्षा नव्हती, ती इंजिनाची गरज होती. गरज संपली, आता परीक्षा बदलायला हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये काय बघायचं याच्या यादीत, चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा काढणं हेही आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत तेवढं काम गाडी स्वतःच करते. त्या जागी हलका पाय, पाय सैल सोडून थांबणं, गाडी बंद झाल्याची खात्री करूनच उतरणं, या गोष्टी का येऊ नयेत?

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानं समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार्सना टोलमाफी जाहीर केली. गाडी घेणाऱ्यासाठी सवलत आहे, मग चालवणाऱ्यासाठी एक धडा का नाही? प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलनं मॅन्युअलचे सगळे तास तसेच ठेवावेत. आपल्या रस्त्यांवर क्लचच्या गाड्या अजून बरीच वर्षं असणार आहेत, आणि मित्राची वॅगनआर वेळेला चालवता आली पाहिजेच. फक्त शेवटचे दोन तास बिनक्लचच्या गाडीवर द्यावेत. एक रिकाम्या मैदानावर, एक उतारावर.

आणि आपण? या सुट्टीत लायसन्स काढणार असाल तर फी भरण्याआधी स्कूलवाल्या काकांना विचारा, ‘इलेक्ट्रिकवर शिकवता का?’ पहिले काका हसतील. दहा जणांनी विचारलं की गाडी आणतील.