दारातलं डाळिंब आणि कात्री

या आठवड्यात जतमधल्या आमच्या गल्लीत महाबळेश्वरची रास्पबेरी आली. शेजारची मंडळी सहलीला गेली होती, तिथल्या नर्सरीतून काटेरी काड्यांची रोपं घेऊन परतली. घरच्या थोरल्या मुलाने रोपं कुंडीत लावता लावता मला विचारलं, "काका, हिची छाटणी कधी करायची?" प्रश्न चांगला होता. राग आला तो कुंडीमागचं डाळिंब पाहून. बुंध्यापासून फुटव्यांचं रान माजलेलं, आत हात घालायला जागा नाही, मधल्या काड्या वाळलेल्या, फळांवर पिठ्या ढेकूण. आणि याच घरची बिळूरच्या बाजूला द्राक्षबाग आहे!

रास्पबेरीचं सांगून टाकतो. तिची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळ देते आणि मरते. फळ देऊन झालेली काडी जमिनीलगत कापायची, नवे कोंब राखायचे. पण तिला थंडी हवी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जतला पाचशेच्या आसपास, आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. सावलीत ठेवून ओल टिकवली तर एखादं रोप जगेल, फळाची आशा धरू नका.

डाळिंबाचं मात्र मला सोडवत नाही. छाटणीला जतचा शेतकरी कधी भ्यायला? एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी घेतो तेव्हा हिरव्यागार बागेत खोड आणि ओलांडे तेवढे उरतात. पुढे जी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत घड तयार होतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की तोच घड बाहेर पडतो. थंड मुलखातली द्राक्षवेल हिवाळाभर झोपते. आपल्याकडे तिला झोपवेल अशी थंडी नाही, म्हणून तो विसावा आपण कात्रीने घडवतो. डाळिंबाला हाच विसावा पाणी तोडून देतात. ताण बसला की पानं गळतात, मग छाटणी, मग पाणी, आणि बहार एकदम फुटतो. शेतात हे शाळेतलं पोरही सांगेल.

दारात मात्र उलटं चालतं. मोरीचं पाणी बारा महिने बुंध्यात. झाडाला ताण म्हणून नाही, त्यामुळे वर्षभर चार-चार फुलं येतात आणि गळतात. कात्रीचं नाव काढलं की घरातली आजी आडवी येते. "लेकरागत वाढीवलंय मी त्याला, कापू नगा." या आजींचं मन मला कळतं. टँकरच्या रांगेत उभं राहून मिळालेल्या पाण्यातून ज्यांनी झाड जगवलं, त्यांच्या हातून फांदी तुटत नाही. तरी मी त्यांना हात जोडून सांगतो, आजी, आत ऊन आणि वारा गेला नाही तर हेच झाड रोगाने जाईल.

करायचं एवढंच. दारातल्या झाडाला आंबे बहार धरा. डिसेंबरात मोरीचं पाणी दुसरीकडे वळवा. जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली की तीन-चार खोडं ठेवून बुंध्याचे फुटवे काढा, वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, शेंडे थोडे मारा. मोरचूद शंभर ग्रॅम, चुना शंभर ग्रॅम आणि पाणी एक लिटर, हे प्लास्टिकच्या भांड्यात कालवून मोठ्या कापांना लावा. कात्री दुसऱ्या बागेतून आलेली असेल तर आधी निर्जंतुक करून घ्या. तेल्या रोग कात्रीवरूनही येतो.

कात्रीवरून आठवलं. सध्या गोडी छाटणीच्या टोळ्या बागांत आहेत. चांगला छाटणीवाला काडी बोटांत धरतो, तिची जाडी पाहतो आणि कितव्या डोळ्यावर कापायचं ते क्षणात ठरवतो. त्याची एक चूक मालकाला पीक निघेपर्यंत भोगावी लागते. त्याच्या मागून बायका येतात, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावत. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्या पेस्टमध्ये हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडी भाजतं. आणि ते अंगात गेल्यावर पुढचे काही दिवस दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. हे त्या फवारणाऱ्या-हाताळणाऱ्या माणसांना कोण सांगतं? परवा एका बागेत फडकं बुडवून उघड्या हातांनी पेस्ट लावणाऱ्या बायका पाहिल्या. बोटांची सालं निघालेली. हातमोजे विचारले तर एकीने पदराआड हात लपवले. एकरी औषधांवर एवढा खर्च करणाऱ्या बागेत रबरी हातमोज्यांना पैसे नसतात, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

तेव्हा जतच्या बागायतदारांना विनंती. पेस्टची बाटली आणताना हातमोजे त्याच दुकानातून आणा आणि ते घातल्याशिवाय बाईला काडीला हात लावू देऊ नका. आणि जानेवारीत टोळीतल्या एका जाणत्या माणसाला दारातल्या डाळिंबासाठी बोलवा. काम अर्ध्या दिवसाचं असलं तरी हजेरी पूर्ण द्या.