‘पारदर्शक’ मध्यस्थ

कमलादेवीच्या देवालयापाशीं असलेल्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीचें पाणी प्यावयाचें झालें, तर प्रत्येक तहानेसरशी कोणी ९६ पायऱ्या उतरणार नाहीं. घरांत रांजण भरून ठेवील. शाळेच्या संगणक-दालनांत ठेवतात तो ‘प्रॉक्सी सर्व्हर’ असाच एक रांजण होय. चाळीस विद्यार्थ्यांनीं एकच पान मागितलें, तर तें दूरच्या यंत्राकडून चाळीस वेळां न आणतां एकदांच आणावें, प्रत जवळ ठेवावी आणि इतरांस तीच द्यावी, हें त्याचें काम. पाणी शिळें होऊं नये म्हणून तो मधून मधून मूळ यंत्रास विचारतो, ‘यांत कांहीं बदल झाला काय?’ ‘नाहीं’ असें उत्तर आलें, कीं पान पुन्हां आणण्याचा खर्च वांचला. १९९६ सालीं निघालेली ‘स्क्विड’ नांवाची आज्ञावली हें काम विनामूल्य करते.

येथपर्यंत तक्रारीस जागा नाहीं. परंतु प्रत्येक संगणकावर या मध्यस्थाचा पत्ता लिहीत बसण्याऐवजीं चालक वाटेवरच नाकें बसवितो. वेबकडे ८० क्रमांकाच्या द्वाराकडे निघालेली प्रत्येक मागणी मध्येंच वळवून मध्यस्थाच्या, बहुधा ३१२८ क्रमांकाच्या, द्वारीं नेली जाते. मागणाऱ्यास वाटतें, आपण थेट मूळ स्थळाशींच बोलत आहों. या रचनेस म्हणे ‘पारदर्शक’ म्हणावयाचें! सार्वजनिक व्यवहारांत पारदर्शक म्हणजे सर्वांस दिसणारें. येथें मात्र कोणासच न दिसणारें.

मध्यस्थ असावा, पण तो लपलेला नसावा, असें आमचें मत आहे. कोणत्या संगणकानें केव्हां काय मागितलें, याची नोंद त्याच्यापाशीं राहूं शकते. आणि ज्याची नोंद होते, त्यास ती होते हें ठाऊक असावें.

कोणी म्हणेल, आतां बहुतेक स्थळांचा व्यवहार ‘एचटीटीपीएस’च्या मोहरबंद लिफाफ्यांतून चालतो; मध्यस्थास बहुधा स्थळाचें नांव तेवढें दिसतें. खरें आहे. त्यामुळें रांजणाचा उपयोगही पुष्कळ घटला आहे. पण त्यांतूनच एक मोह उत्पन्न होतो: शाळेच्या सर्व संगणकांवर आपलें स्वतःचें प्रमाणपत्र बसवावें, लिफाफा फोडावा, वाचावा आणि पुन्हां मोहर करून पुढें धाडावा. कझाकस्तानच्या सरकारनें २०१९ सालीं नागरिकांकडून असेंच प्रमाणपत्र बसवून घेण्यास आरंभ केला, तेव्हां गूगल, मोझिला व ॲपल यांनीं आपापल्या ब्राउझरांत तें अग्राह्य ठरविलें.

‘मग मुलांवर लक्ष ठेवूं नये काय?’ असें पालक विचारतील. अवश्य ठेवावें. अयोग्य स्थळ बंद करण्यास बहुधा त्याचें नांव पुरतें. त्याकरितां विद्यार्थ्याचें पत्र फोडण्याचें कारण नाहीं. संगणक-दालनाच्या दारावर एक कागद लावावा: येथें मध्यस्थ आहे, तो अमुक नोंद ठेवतो, ती अमुक शिक्षक पाहूं शकतात, आणि इतक्या दिवसांनीं ती पुसली जाते. पालकांनींही प्रवेशाच्या वेळीं शुल्काबरोबर एवढें विचारून घ्यावें.